पेटीची किल्ली कुणाकडे?

पूर्वी सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या कमरेला आला, की समजायचं, घराचा कारभार आता हिच्या हाती आला. धान्याची कोठी, दागिन्यांचा डबा, कागदपत्रांची पत्र्याची ट्रंक... कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे तिला अंधारातही कळायचं. आता जुडगा गेला, कुलपं मात्र वाढली. बँकेचं कुलूप, विम्याचं कुलूप, आयकराचं कुलूप. आणि या सगळ्यांच्या वरचं कुलूप म्हणजे ई-मेल. कारण बाकीचे पासवर्ड विसरले, तर नवा पासवर्ड करायची चिठ्ठी बहुतेक वेळा येऊन पडते ती ई-मेलच्याच पेटीत. मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या या पेटीची किल्ली कुणाकडे आहे?

बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न मुद्दाम विचारते. उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘ह्यांच्याकडे’, नाहीतर ‘पोराकडे’. काहीजणी हसून म्हणतात, ‘ताई, मला काय करायचंय त्या मेलचं? मला व्हॉट्सअ‍ॅप पुरे!’ गंमत अशी, की यातल्या कित्येकींच्या नावानं ई-मेलचं खातं आहे. स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानदारानं किंवा भाच्यानं ते उघडून दिलं. पासवर्ड त्यानंच ठेवला आणि तोही आता विसरला. आपल्या नावाची पेटी आहे आणि ती उघडायची कशी हे आपल्यालाच ठाऊक नाही. शेताच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. या नव्या पेटीच्या बाबतीत निदान आपल्या घरापुरती अशीच मोहीम काढायची वेळ आली आहे, असं मला वाटतं.

‘एवढं काय असतं त्या मेलमध्ये?’ असं कुणी म्हणेल. आठवून बघा. विम्याची पॉलिसी मेलवर येते. हप्त्याची पावती, बँकेचा खातेउतारा, प्रॉव्हिडंट फंडाचा पत्रव्यवहार, आयकर खात्याच्या नोटिसा मेलवर येतात. मुलाच्या कॉलेजच्या फीची पावती, रक्ताच्या तपासणीचे अहवालही तिथेच. पूर्वी पोस्टमन ही पाकिटं दारात टाकायचा, ती घरातल्या कुणाच्याही हाती पडायची. बाई शिकलेली नसली तरी पाकिटावरचं चित्र ओळखून ते ट्रंकेत ठेवायची आणि चार वर्षांनी बरोबर काढून द्यायची. आता पोस्टमन दारात येत नाही, तो एकाच माणसाच्या पेटीत जातो. त्या माणसाला काही झालं, की घरचे कागद कुलपात अडकतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ साली, अशा काही घरांत जाणं झालं. एक बाई तर डोळ्यांपुढून हलत नाही. नवरा खाजगी नोकरीत, वय पंचेचाळीसच्या आसपास. माणूस व्यवस्थित होता, विमे उतरवलेले होते, ठेवी होत्या. ‘सगळं मेलवर आहे, काळजी करू नकोस,’ एवढंच त्यानं बायकोला सांगितलं होतं. तो गेला. फोन त्याच्या बोटाच्या ठशावर उघडायचा. मेलचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तो बदलायचा तर ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येणार, आणि ‘आता कोण वापरतंय’ म्हणून दिरानं त्या नंबरचं रिचार्ज बंद करून टाकलं होतं. बंद झालेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. नव्वद दिवस गेले की तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे तिच्या घराच्या किल्ल्या परक्या माणसाच्या फोनवर जायची सोय झाली! मृत्यूचा दाखला घेऊन ती एकेका ऑफिसात गेली. जिथलं नाव माहीत होतं तिथलं काम उशिरा का होईना, झालं. पण कुठे कुठे जायचं याची यादीच मेलमध्ये होती, त्याला ती काय करणार?

हे एकाच घरात घडतं असं नाही. बँकांत दहा दहा वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेला २०२३ साली ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ काढावं लागलं. पैसे ठेवणाऱ्यानं ठेवले, घरच्यांना पत्ता नाही, म्हणूनच ना?

पण मेल म्हणजे केवळ हिशेबाचे कागद नाहीत. पेटीत दुसरा एक कप्पा असतो, तो पत्रांचा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात आता स्मारक आहे. तिथे गेलं की माझ्या मनात नेहमी येतं, त्या काळी इतक्या लांब गेलेल्या मुलाला आणि मागे राहिलेल्या घराला बांधून ठेवणारी गोष्ट एकच असणार, पत्र. आनंदीबाई जोशींचं तर सगळं आयुष्यच पत्रांनी वळवलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी तिची ओळख झाली ती पत्रातून. १८८३ साली ती अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, गेली. पण तिची पत्रं जपली गेली. काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र लिहिलं तेव्हा आनंदीचे स्वतःचे शब्द त्यांच्या हाताशी होते. एका बाईनं लिहिलेली पत्रं कुणीतरी नीट ठेवली आणि दुसऱ्या बाईनं ती पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवली. पत्रं हरवली असती, तर आपल्याला पदवीचं साल कळलं असतं, आनंदी कळली नसती.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या वाड्यांतून जुनी दप्तरं शोधली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. पहिला खंड १८९८ सालचा. त्यांना कागद सापडले ते कुणीतरी रुमालात बांधून माळ्यावर टाकले होते म्हणून. वाळवी लागली, उंदरांनी कुरतडले, तरी अर्धेमुर्धे उरले. ई-मेलचं तसं नाही. तो असतो तेव्हा अखंड असतो आणि जातो तेव्हा समूळ जातो.

आणि जाऊ लागलाही आहे! आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्या पाच-सात वर्षांत सोलापुरातली कितीतरी मुलं पुण्या-बंगळुरात, तिथून अमेरिकेत गेली. त्यांचे आई-बाप सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून पोरांचे मेल वाचायचे. ‘आई, पोचलो. इथे थंडी आहे. मेतकूट पाठव.’ मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. त्या वेळी हॉटमेल जागा द्यायचं फक्त दोन एमबी. आजचा एक फोटो त्यात मावायचा नाही! पेटी भरली की नवा मेल यायचा नाही, म्हणून लोक जुनी पत्रं पुसायचे. २००४ साली जीमेलनं एकदम एक जीबी जागा दिली आणि पुसायची गरज उरली नाही. पण तोवर परदेशातल्या पहिल्या वर्षांची पत्रं कितीतरी घरांतून गेलेली होती. म्हणजे आजोबांचं १९६० सालचं पोस्टकार्ड घरात आहे आणि मुलाचं २००१ सालचं पत्र नाही, अशी उलटी गंगा.

‘आता तसं नाही, आता कंपनी सांभाळते,’ असं म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कंपनी पेटी देते, ती जन्मभर राखायचं वचन देत नाही. एके काळी घराघरांत पोचलेलं ‘ऑर्कुट’ २०१४ साली बंद झालं. शाळा-कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या, हौशी मंडळांच्या मेलामेलीची जागा असलेले ‘याहू ग्रुप्स’ २०२० च्या डिसेंबरात बंद झाले. जुनी पत्रं पुसण्याचं काम त्याआधी वर्षभर सुरू झालं होतं. ज्यांनी वेळीच उतरवून घेतलं त्यांचं राहिलं. गूगलनं मे २०२३ मध्ये जाहीर केलं, की दोन वर्षं कुणी उघडलंच नाही असं वैयक्तिक खातं आतल्या पत्रांसकट, फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. त्याची अंमलबजावणी २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू झाली. काही कंपन्यांची मुदत तर एका वर्षाचीच आहे. मी त्यांना दोष देत नाही. फुकटच्या गोदामात कुणाचं गाठोडं किती दिवस ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न. आपलं गाठोडं कुठे ठेवायचं हा आपला प्रश्न आहे.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे, हाही गैरसमजच. पूर्वी बरेचजण ‘आउटलुक एक्स्प्रेस’मध्ये मेल वाचायचे. त्यात मेल कंपनीकडून उतरून घरच्या मशीनवर यायचा आणि बऱ्याचदा कंपनीकडची प्रत पुसली जायची. ही पत्रं विंडोजच्या पोटात, सहज न दिसणाऱ्या फोल्डरात असायची. मशीन हळू चालायला लागलं की दुकानात न्यायचं, दुकानातला मुलगा ‘फॉरमॅट मारून’ द्यायचा आणि अभिमानानं सांगायचा, ‘काकू, सगळं साफ करून दिलं बघा!’ डेस्कटॉपवरचे फोटो त्यानं काढून ठेवलेले असायचे, पत्रं मात्र खरोखरच साफ! त्याचा तरी काय दोष? तिथे काही आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अजूनही कुणाच्या माळ्यावर विंडोज एक्सपीचं जुनं मशीन पडलेलं असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आत दहा वर्षांचा पत्रव्यवहार असू शकतो. जुन्या मराठी मेलची आणखी एक खोड आहे. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा होता. तो फॉन्ट नसेल तर पत्र उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून ‘काहीतरी बिघडलंय’ असं म्हणून पुसू नका. फॉन्ट मिळाला, की तेच पत्र पुन्हा वाचता येतं.

मग करायचं काय? दिवाळीच्या आधी आपण माळा काढतो ना, तसंच. एक रविवार दुपार द्या, घरातल्या कॉलेजातल्या मुलीला शेजारी बसवा. पण माऊस आपल्या हातात ठेवा!

पहिलं काम यादीचं. घरात कुणाकुणाची, कुठल्या कंपनीची किती खाती आहेत ते वहीत लिहा. प्रत्येक खातं एकदा उघडून बघा. उघडलं की न वापरल्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. कुठला मोबाइल नंबर जोडलेला आहे तेही बघा. बंद पडलेला नंबर असेल तर आजच बदला.

दुसरं काम निवडण्याचं. सगळंच ठेवायचं नसतं. साड्यांच्या सेलच्या जाहिराती, जुने ओटीपी, ‘शुभ सकाळ’ पुसा खुशाल. जीमेलची फुकट जागा पंधरा जीबी आहे आणि तीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघे वाटेकरी आहेत. जागा संपली की नवे मेल यायचे थांबतात, आणि त्यात एखादी नोटीसही असू शकते. राहिलेल्यांचे दोन ढीग करा. एक ‘घरचे कागद’, दुसरा ‘पत्रं’. जीमेलमध्ये यालाच लेबल म्हणतात. आपल्या भाषेत बरणीवरची चिठ्ठी.

तिसरं काम उतरवून घेण्याचं. गूगलची ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. तिथे हवी ती लेबलं निवडली, की काही वेळानं किंवा दिवसानं सगळ्या मेलचं गाठोडं तयार होतं आणि ते उतरवून घ्यायची लिंक येते. ही लिंक काही दिवसच चालते, त्यामुळे ‘बघू नंतर’ करू नका. गाठोड्यातली फाइल ‘एमबॉक्स’ प्रकारची असते. ती दोनदा क्लिक करून उघडत नाही म्हणून घाबरू नका. ‘थंडरबर्ड’ नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो, त्यात ती वाचता येते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर जो मेल आपल्याला दिसतो, तो बहुतेक वेळा कंपनीकडच्या पेटीचं प्रतिबिंब असतं. इथे पुसला की तिथलाही जातो, तिथे गेला की इथलाही. आरशात दिसणारा हार हा काही दुसरा हार नव्हे! दुसरी प्रत म्हणायची ती वेगळी काढलेली, इंटरनेट बंद असतानाही उघडणारी. थंडरबर्डमध्ये त्यासाठी ‘लोकल फोल्डर्स’ असा वेगळा कप्पा असतो. हवे ते मेल त्यात कॉपी करायचे.

चौथं काम ठेवण्याचं. जाणकार सांगतात, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कंपनीकडे असतेच. दुसरी घरच्या कॉम्प्युटरवर. तिसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ही हार्ड डिस्क पुण्याच्या लेकीकडे, माहेरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात किंवा खिडकीच्या उन्हात ती ठेवू नका. नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका, आणि जुन्या सीड्यांवर काही असेल तर त्या वाचल्या जातात तोवर उतरवून घ्या. वर्षातून एकदा प्रत उघडून चार मेल वाचून बघा. लोणच्याची बरणी भरून ठेवली तरी मधूनमधून झाकण काढून बघतोच ना आपण?

महत्त्वाच्या कागदांची छापील प्रतही असू द्या, पण छापील प्रत आहे म्हणून मूळ मेल पुसू नका. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर नुसत्या कागदावर भागेलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागतं. मूळ मेल जागेवर असेल तर वकिलाचं काम सोपं होतं. आणि ‘माझ्यामागे घर तुझ्या नावावर’ असं नवऱ्यानं मेलवर लिहिलं असेल, तर त्यावर विसंबून राहू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेलं आहे. ते कागदावर, सही आणि साक्षीदारांसहच हवं.

आता कळीचा मुद्दा. किल्ली कुणाकडे द्यायची? ‘नवऱ्याचा मेल बायकोनं उघडायचा? हे काही बरं नाही,’ असं मला पुरुषांनीच नव्हे, बायकांनीही ऐकवलं आहे. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. समुपदेशनासाठी आमच्याकडे अशाही मुली येतात, ज्यांचा प्रत्येक मेल, प्रत्येक मेसेज नवरा वाचतो. आई-बापाला काय लिहिलं, मैत्रिणीला काय लिहिलं, सगळ्याचा जाब. एकमेकांचे पासवर्ड घेणं हीच प्रेमाची खूण मानली, तर त्याचा फास कुणाच्या गळ्यात पडतो हे आम्ही रोज बघतो. म्हणून मी सरसकट ‘पासवर्ड वाटून घ्या’ असं म्हणणार नाही.

माझं म्हणणं असं, की घरचे कागद घराचे आणि पत्र ज्याचं त्याचं. घरासाठी एक वेगळं खातं उघडा. पॉलिसी, वीजबिल, शाळा, बँक यांचे मेल त्या खात्यावर येऊ द्या आणि त्याची किल्ली नवरा-बायको दोघांकडे असू द्या. वैयक्तिक खातं मात्र प्रत्येकाचं स्वतःचं, सुनेचं आणि सासूचंही. त्यात कुणी डोकवायचं नाही. आपल्यामागे त्याचं काय व्हावं हे ज्यानं त्यानं आधी ठरवावं. गूगलमध्ये २०१३ पासून त्यासाठी सोय आहे. तीन ते अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला निवडक माहिती मिळते, किंवा हवं तर सगळं पुसलं जातं. बँकेत वारसनोंद करतो तशीच ही नोंद. काही पत्रं आपल्याबरोबरच संपावीत असं कुणाला वाटलं, तर तोही तिचा हक्क. पूर्वी बायका काही पत्रं बंबात टाकायच्याच की!

ज्यांना हे ऑनलाइन जमणार नाही, त्यांनी खात्यांची नावं आणि पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून पॉलिसींच्या फाइलमध्ये ठेवावं. पासवर्ड बदलला की पाकीट बदलायचं. घरात दुःखद प्रसंग घडला तर त्या माणसाचं सिमकार्ड घाईनं बंद करू नका. मात्र त्याच फोनवरच्या ओटीपीनं त्याच्या बँकखात्यातून पैसे काढायचा मोहही नको, ते अंगाशी येतं. बँकेला कळवून रीतसर दावा करा. आणि आणखी एक. ‘तुमचं मेलचं खातं उद्या बंद होणार, इथे क्लिक करा’ असे मेल हल्ली फार येतात. त्यातल्या लिंकला हात लावू नका. खातं नेहमीच्या वाटेनंच उघडून बघा. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा.

बचत गटांच्या मैत्रिणींना वेगळं सांगायचं आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी विकता विकता आपल्यातले काही गट बाहेरगावच्या ऑर्डरी घेऊ लागले आहेत. ऑर्डर, दरपत्रक, परवाना, बँकेचं कर्जमंजुरीपत्र, सगळं मेलवर. आणि हा मेल असतो अध्यक्षताईंच्या मुलाचा! अध्यक्ष बदलल्या, मुलगा नोकरीला गेला, की गटाच्या पाच वर्षांच्या कामाचा पुरावा त्याच्याबरोबर गेला. इतिवृत्ताची वही आपण नव्या सचिवाकडे सोपवतो, तिची सही घेतो. गटाच्या नावाचं खातं काढा आणि वहीबरोबर त्याची किल्लीही सोपवा, त्याची नोंद इतिवृत्तात करा. बाईच्या कामाचा पुरावा आधीच कमी असतो. जो आहे तो तरी परक्याच्या पेटीत राहू नये.

‘मला इंग्रजी येत नाही, मला कॉम्प्युटर जमत नाही’ ही सबब आता पुरे झाली. ज्या बायकांनी गॅसची शेगडी, प्रेशर कुकर, एटीएम आणि स्मार्टफोन शिकून घेतला, त्यांना चार क्लिक जड नाहीत. अडचण यायची ती हाताची नव्हेच, ‘हे माझं काम नाही’ या समजुतीची आहे. घरातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठे ठेवायचं, कुणाला द्यायचं हे आपल्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक आहे?

३१ मार्च हा दिवस जगात काही वर्षांपासून ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळतात. आपल्याकडे तो हिशेब मिटवायचा दिवस, आणि योगायोग बघा, आनंदीबाई जोशींची जन्मतारीखही तीच, ३१ मार्च १८६५. तेव्हा दरवर्षी त्या दिवशी पासबुकं भरून आणतो, तशी मेलची एक प्रत काढा, यादीची वही ताजी करा, पाकीट तपासा. पण यंदाची सुरुवात त्या तारखेसाठी थांबवू नका. आज संध्याकाळी दिवेलागण झाली, की घरात एवढंच विचारा, ‘आपल्या मेलची किल्ली कुठे आहे हो?’ उत्तर यायला वेळ लागला, तर येत्या रविवारची दुपार कशासाठी राखायची ते तुम्हाला कळेलच.